पत्ता तारेवरचा, पॅकेट वाय-फायवरून

घरच्या सर्व्हरला दुसरे यंत्र जोडल्यावर जो बिघाड आमच्या वाट्याला आला, त्यातली खरी अडचण ही होती की सर्व्हर स्वतः कसलीच तक्रार करत नव्हता. दोन्ही नोड, म्हणजे जोडलेली यंत्रे, ‘रेडी’ दिसत होते, सगळे पॉड, म्हणजे त्यांवर चालणारे प्रोग्रॅमचे लहान गट, ‘रनिंग’ होते, प्रत्येक पॉडला नियमाप्रमाणे पत्ता मिळालेला होता, आणि तरीही एका यंत्रावरचा पॉड दुसऱ्या यंत्रावरच्या पॉडपर्यंत पोहोचत नव्हता. हा शोध ज्या क्रमाने लागला त्याच क्रमाने लिहीत आहे, कारण घरी दोन यंत्रे जोडणाऱ्या कोणालाही हीच गाठ पडू शकते.

आमचे घर ठाण्यात, घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे आहे. दिवाणखान्यात फायबरच्या डब्याशेजारी एक मिनी पीसी आहे आणि त्यावर डेबियन व के३एस चालते. कुबरनेटीस ही अनेक यंत्रांवर कंटेनर, म्हणजे वेगळे बंदिस्त ठेवलेले प्रोग्रॅम, चालवणारी प्रणाली आणि के३एस ही तिची आटोपशीर आवृत्ती; रँचर लॅब्जने ती २०१९ मध्ये आणली आणि कमी मेमरीच्या यंत्रावरही ती व्यवस्थित चालते. घरासाठी एवढा व्याप कशाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर सरळ आहे: कार्यालयात दिवसभर मी हेच काम करते, त्यामुळे घरी वेगळी पद्धत सांभाळण्यापेक्षा हीच मला सोपी पडते. या सर्व्हरवर मुख्यतः बाबांचे फोटो आहेत. बाबा अनेक वर्षे ठाणे खाडीवर रोहित पक्ष्यांचे फोटो काढत आले आहेत. खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्याच्याही आधीचे फोटो त्यांच्या संग्रहात आहेत. तो किनारा आता तसा राहिलेला नाही, त्यामुळे त्या फोटोंची जपणूक ही माझ्या दृष्टीने हौस नसून जबाबदारी आहे.

मिनी पीसीवरची डिस्क भरत आली तेव्हा माझा जुना लॅपटॉप दुसरा नोड म्हणून जोडायचे ठरवले. तो आतल्या खोलीत, मोठी डिस्क लावून ठेवायचा होता. आमच्या इमारतीत वाय-फायची गर्दी इतकी आहे की फोनवर यादी उघडली तर शेजाऱ्यांची नावे स्क्रीनवर मावत नाहीत, आणि मधल्या काँक्रीटच्या भिंतीमुळे आतल्या खोलीत वेग आणखी पडतो. म्हणून वायरमनकडून दोन खोल्यांमध्ये कॅट-६ केबल ओढून घेतली आणि दोन्ही यंत्रे थेट एकमेकांना जोडली. मिनी पीसीला लॅनची दोन पोर्ट आहेत: एक राउटरकडे जाते, दुसऱ्यावर ही तार. लॅपटॉपला मूळचे लॅन पोर्ट नसल्याने त्याला यूएसबी अडॅप्टर लावला. तारेवर मिनी पीसीचा पत्ता १०.१०.१०.१ आणि लॅपटॉपचा १०.१०.१०.२ ठेवला. हे पत्ते निवडताना एक गोष्ट पाहावी लागते: के३एस पॉडसाठी १०.४२.०.०/१६ आणि सर्व्हिससाठी १०.४३.०.०/१६ हे पट्टे आपणहून घेते, त्यांच्यावर आपले पत्ते आदळता कामा नयेत. इंटरनेटसाठी, म्हणजे अद्ययावत करण्यापुरते, लॅपटॉपचे वाय-फाय चालू ठेवले. तारेवर गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा दुवा, नव्हताच, कारण तारेच्या दोन टोकांना या दोन यंत्रांशिवाय काहीही नव्हते.

दोन्ही यंत्रांवर फायरवॉल आहे. के३एसला नोडांमध्ये यूडीपी ८४७२ हे पोर्ट (तार लावायचे नव्हे, पॅकेटांसाठीचे क्रमांकित दार) लागते, पण ते बाहेरच्या जगाला उघडे ठेवू नये असे त्याच्या कागदपत्रांतच बजावलेले आहे, कारण त्या पोर्टवर येणाऱ्या पॅकेटची ओळख कोणी विचारत नाही. जो तिथपर्यंत पोहोचला तो थेट पॉडांच्या नेटवर्कमध्ये शिरला. म्हणून ते पोर्ट मी दोन्हीकडे फक्त तारेच्या इंटरफेसवर, म्हणजे तारेच्या नेटवर्क-जोडणीवर, उघडले होते. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

फोटोंच्या ॲपची विभागणी अशी केली: समोरचा भाग, डेटाबेस आणि लघुचित्रे मिनी पीसीवर, हलवलेल्या मूळ फाइली देणारा पॉड लॅपटॉपवर, मोठ्या डिस्कजवळ. त्याच संध्याकाळी बाबांनी हाक मारली.

“अगं, लहान चित्रं सगळी दिसतायत, पण एखादं मोठं करायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं.”

“बाबा, सगळ्याच फोटोंचं तसं होतंय का?”

“नाही, जुने उघडतात. आज तू जे तिकडे हलवलेस ना, तेवढेच अडतायत.”

लहान ते येते आणि मोठे ते अडते, हे लक्षण नेटवर्कचे काम करणाऱ्या माणसाला लगेच एमटीयूकडे नेते. एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी. इथरनेटवर ती साधारणपणे १५०० बाइट असते. के३एसमध्ये नोडांमधली वाहतूक फ्लॅनेल नावाचा घटक पाहतो आणि तो पॉडचे पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवतो, जणू पाकिटात पाकीट; या पद्धतीला व्हीएक्सलॅन म्हणतात. बाहेरच्या पाकिटाचे आयपीचे २०, यूडीपीचे ८, व्हीएक्सलॅनचे ८ आणि आतल्या इथरनेटचे १४ असे ५० बाइट खर्ची पडतात, म्हणून पॉडला १४५० मिळतात. हा हिशेब चुकला तर छोटी पॅकेटे जातात आणि मोठी वाटेत हरवतात. मी फ्लॅनेलने लिहून ठेवलेली फाइल उघडली, त्यात एमटीयू १४५०च होता. तारेवरून तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटांचा पिंग पाठवला, त्यात २८ बाइटांचे शीर्षक मिळवले की बरोबर १५०० होतात. तोही सुरळीत पोहोचला. शिवाय बाबांचे दुसरे वाक्य अधिक महत्त्वाचे होते. अडत होते ते फोटो मोठे होते म्हणून नव्हे, तर ते दुसऱ्या यंत्रावर होते म्हणून. लघुचित्रे मिनी पीसीवर होती, एवढाच त्यांचा आणि मोठ्या फोटोंचा फरक.

मग ॲप बाजूला ठेवले. प्रत्येक नोडवर बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाचा एकेक पॉड नोडचे नाव बांधून उभा केला, म्हणजे तो कुठे चालेल हे के३एसच्या वाटपावर अवलंबून राहणार नाही. के३एस प्रत्येक नोडला त्या मोठ्या पट्ट्यातला एकेक /२४ तुकडा देते. मिनी पीसीच्या पॉडांचे पत्ते १०.४२.० ने आणि लॅपटॉपच्या पॉडांचे १०.४२.१ ने सुरू होत होते. एकाच यंत्रावरचे पॉड एकमेकांना पिंग करत होते. यंत्र ओलांडले की ५६ बाइटांचा साधा पिंगही परत येत नव्हता. लॅपटॉपवरच्या पॉडमधून नाव शोधायला सांगितले तर तेही वेळ संपून थांबले, कारण नावे सांगणारा कोअरडीएनएसचा एकुलता पॉड मिनी पीसीवर होता. नाकारल्याचा संदेश कुठेच नव्हता. पॅकेट जात होते आणि त्याचे पुढे काय झाले हे कळत नव्हते. हा फरक टिपून ठेवण्यासारखा असतो: उत्तर ‘नाही’ आले तर दाराशी कोणीतरी आहे, काहीच आले नाही तर बहुधा फायरवॉल पॅकेट मुकाट्याने टाकून देत आहे.

येथे सीएनआयबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण अशा वेळी पहिला संशय त्याच्यावरच जातो. सीएनआय म्हणजे कंटेनरला नेटवर्क कसे जोडावे याचा करार. कोअरओएसच्या मंडळींनी तो सुरू केला आणि २०१७ मध्ये तो क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेला. या करारानुसार चालणारा प्लगइन सतत चालत बसत नाही. पॉड जन्माला येताना त्याला बोलावले जाते. तो पॉडमध्ये इंटरफेस घालतो, त्याचे दुसरे टोक यंत्रावरच्या ‘सीएनआय०’ या ब्रिजला, म्हणजे त्या यंत्रातले पॉड एकमेकांना जोडणाऱ्या आभासी स्विचला, जोडतो, पत्ता व मार्ग लावतो आणि निघून जातो. पॉड मरताना पुन्हा एकदा येऊन आवराआवर करतो. माझ्या पॉडांना पत्ते मिळाले होते आणि एका यंत्रात ते एकमेकांशी बोलत होते, म्हणजे या प्लगइनने आपले काम चोख केले होते. त्याची मांडणीची फाइल मी वाचून पाहिली, पण तिच्यात हात घातला नाही. ती फाइल के३एस स्वतः लिहिते, आणि ब्रिजपर्यंतचे काम बरोबर असताना तिथे बदल करणे म्हणजे चांगला भाग बिघडवणे ठरले असते. बिघाड ब्रिजच्या पलीकडे, यंत्राबाहेर पडण्याच्या वाटेवर होता, आणि ती वाट फ्लॅनेलच्या अखत्यारीतली होती.

लॅपटॉपवर मार्गांची यादी पाहिली. १०.४२.०.०/२४ कडे जायचे असेल तर ‘फ्लॅनेल.१’ या इंटरफेसने जावे, असे तिथे नीट लिहिलेले होते. मग त्या इंटरफेसचाच तपशील मागवला, आणि त्यातली एक ओळ अशी होती: व्हीएक्सलॅन, आयडी १, लोकल १९२.१६८.१.३७, डेव्ह डब्ल्यूएलपी२एस०, डीएसटीपोर्ट ८४७२, नोलर्निंग.

१९२.१६८.१.३७ हा लॅपटॉपला राउटरने दिलेला वाय-फायचा पत्ता. डब्ल्यूएलपी२एस० हे वाय-फाय कार्ड. नोडचा पत्ता मी के३एसच्या मांडणीत १०.१०.१०.२ असा स्वच्छ लिहून दिलेला होता, नोडांची विस्तृत यादी मागवली तरी ‘इंटर्नल आयपी’च्या रकान्यात तोच दिसत होता, आणि तरीही बाहेरचे पाकीट वाय-फायच्या पत्त्यावरून, वाय-फायच्या वाटेने निघत होते.

खात्रीसाठी टीसीपीडम्प हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन लावले. तारेवर ८४७२ पोर्टचे एकही पॅकेट नव्हते. वाय-फायवर लावताच ओळी धावू लागल्या. ज्यांनी हे कधी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: टीसीपीडम्प या पॅकेटांवर व्हीएक्सलॅन असे नाव न लिहिता ‘ओटीव्ही’ असे लिहिते, आणि त्यामुळे आपण भलतेच काही पाहत आहोत असे वाटू शकते. व्हीएक्सलॅनला अधिकृत पोर्ट ४७८९ मिळाले, ते २०१४ च्या आरएफसी ७३४८ या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेले आहे. पण लिनक्समध्ये व्हीएक्सलॅन त्याआधीच आले होते आणि त्याने ८४७२ हे पोर्ट धरले, जे ओटीव्ही या वेगळ्या तंत्राच्या नावावर होते. फ्लॅनेल लिनक्सची ती जुनी सवय आजही पाळते. त्या ओळीत आतले पत्ते वाचले तर १०.४२.१ कडून १०.४२.० कडे जाणारा माझाच पिंग होता.

पलीकडे मिनी पीसीवर कर्नलचा लॉग चाळला तेव्हा उरलेले अर्धे चित्रही पुरे झाले. ‘यूएफडब्ल्यू ब्लॉक’ (यूएफडब्ल्यू ही माझी फायरवॉल) या शब्दांनी सुरू होणारी ओळ: आत येणारा इंटरफेस राउटरकडचा, स्रोत १९२.१६८.१.३७, गंतव्य १९२.१६८.१.२० (मिनी पीसीचा राउटरकडचा पत्ता), प्रोटोकॉल यूडीपी, गंतव्य पोर्ट ८४७२. फायरवॉलने मी सांगितले होते तेच केले होते. हे पोर्ट फक्त तारेवर चालेल असे तिला सांगितलेले होते आणि पॅकेट दुसऱ्याच दाराने आले होते. उलट दिशेनेही तेच घडत होते.

ऐरोलीतला माझा जुना सहकारी नेटवर्कच्या कामात मुरलेला आहे. त्याला फोन करून ती ओळ वाचून दाखवली.

“नोडचा पत्ता दिलास, पण फ्लॅनेलला इंटरफेस सांगितलास का?” त्याने विचारले.

“पत्ता दिला की तो त्याच पत्त्याचा इंटरफेस घेणार नाही का?”

“नाही घेत. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्लॅनेलला काही सांगितलं नाही, तर ज्या इंटरफेसवर डिफॉल्ट राउट, म्हणजे बाहेर जायचा नेहमीचा रस्ता, आहे तो तो उचलतो. तुझ्या तारेवर गेटवेच नाही, म्हणजे तार कधीच निवडली जाणार नाही.”

हे ऐकल्यावर सगळे जागच्या जागी बसले. नोड ‘रेडी’ आहे याचा अर्थ एवढाच की त्या यंत्रावरचा क्यूबलेट, म्हणजे कुबरनेटीसचा तिथला कारभारी, मुख्य सर्व्हरशी बोलतो आहे आणि आपली प्रकृती कळवतो आहे. ते बोलणे ६४४३ पोर्टवर, तारेवरून, अगदी सुखरूप चालू होते. पॉडांची वाहतूक निराळी असते, तिचा मार्ग निराळा ठरतो, आणि ‘रेडी’ या शब्दात तिच्याबद्दल काहीही सांगितलेले नसते. फ्लॅनेल आपला निवडलेला पत्ता नोडच्या टिपणीत ‘पब्लिक आयपी’ या नावाने लिहून ठेवतो; नोडचे वर्णन मागवून तिथे पाहिले तर १९२.१६८.१.३७ स्पष्ट होता. पुढच्या वेळी मी पहिल्यांदा तीच टिपणी वाचीन, कारण इंटर्नल आयपी आणि ही टिपणी यांत फरक दिसला की शोध तिथेच संपतो.

उपाय एकच नव्हता. राउटरच्या बाजूने ८४७२ पोर्ट उघडले असते तर फोटो त्याच मिनिटाला उघडले असते, पण घरच्या वाय-फायवर टीव्ही आहे, कॅमेरा आहे, पाहुण्यांचे फोन येतात, आणि व्हीएक्सलॅनमध्ये ना गुप्तता आहे ना ओळख पटवण्याची सोय. शिवाय मोठ्या फाइली त्याच गर्दीच्या वाय-फायवरून गेल्या असत्या; मग तार ओढून घेण्याला अर्थ काय उरला? सहकाऱ्याने फ्लॅनेलचा वायरगार्ड प्रकार सुचवला, ज्यात पॅकेट कूटबद्ध होऊन ५१८२० पोर्टवरून जाते. यंत्रे दोन वेगळ्या घरांत असती तर मी डोळे मिटून तोच घेतला असता. ‘होस्ट-जीडब्ल्यू’ हा आणखी एक प्रकार आहे. त्यात वेष्टन नसतेच, दोन्ही यंत्रे एकाच तारेवर असल्याने सरळ मार्ग लिहून भागते आणि पुरे १५०० बाइट मिळतात. पण त्यालाही इंटरफेस योग्य निवडलेला लागतोच. मूळ दोष निवडीत होता, म्हणून निवड दुरुस्त करायची आणि बाकी काही हलवायचे नाही असे ठरवले.

के३एसच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘नोड-आयपी’च्या ओळीखाली ‘फ्लॅनेल-आयफेस’ ही ओळ घातली आणि तिच्यापुढे तारेच्या इंटरफेसचे नाव लिहिले. हे दोन्ही यंत्रांवर करावे लागते, कारण प्रत्येक नोड आपली निवड स्वतंत्रपणे करतो; मिनी पीसीनेही डिफॉल्ट राउटमुळे राउटरकडचे पोर्टच धरलेले होते. आधी मिनी पीसीवरची सेवा पुन्हा सुरू केली, मग लॅपटॉपवरची. फ्लॅनेलने जुना ‘फ्लॅनेल.१’ काढून नवा उभा केला. तपशील पाहिला: लोकल १०.१०.१०.२, आणि डेव्हपुढे तारेचे नाव. पॉड मारून पुन्हा उभे करावे लागले नाहीत, कारण ब्रिजपर्यंतची त्यांची जोडणी जशीच्या तशी होती आणि एमटीयूही बदललेला नव्हता. पिंग गेला, नावे सापडू लागली, आणि बाबांनी एका थव्याचा फोटो उघडून चोची मोजता येतील इतका मोठा करून पाहिला.

एक काम मात्र उरले होते. लॅपटॉपचा लॅन अडॅप्टर यूएसबीचा असल्याने त्याच्या इंटरफेसचे नाव त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून, बनलेले, लांबलचक होते. अडॅप्टर बदलला की नाव बदलणार, आणि फ्लॅनेल नसलेल्या इंटरफेसची वाट पाहत बसणार. म्हणून सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या घटकाची एक छोटी लिंक फाइल लिहून त्या मॅक पत्त्याला ‘तार०’ असे नाव कायमचे दिले. लिनक्समध्ये इंटरफेसचे नाव १५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही आणि मांडणीच्या फाइलींत रोमन अक्षरेच बरी, त्यामुळे ते रोमन लिपीतच ठेवले. उद्या नवा अडॅप्टर आला तर त्या एका फाइलमधला मॅक पत्ता बदलला की झाले.

अडॅप्टर हाताने उपटूनही पाहिला, कारण आतल्या खोलीत झाडलोट करताना तो केव्हातरी निघणारच. व्हीएक्सलॅनचा इंटरफेस ज्या उपकरणावर बांधलेला असतो ते उपकरणच नाहीसे झाले की लिनक्सचे कर्नल तो इंटरफेसही काढून टाकते. तसेच झाले: ‘फ्लॅनेल.१’ गेला, आणि काही वेळाने नोड ‘नॉट रेडी’ झाला. अडॅप्टर परत लावल्यावर तारेवरचा पत्ता परतला, नोड पुन्हा ‘रेडी’ झाला, पण माझ्याकडच्या आवृत्तीत ‘फ्लॅनेल.१’ आपण होऊन परत आला नाही. म्हणजे पुन्हा तीच स्थिती, वरून सारे आलबेल आणि पॉड मात्र तुटलेले. लॅपटॉपवरची के३एसची सेवा पुन्हा सुरू केल्यावर सगळे मार्गी लागले. आता ‘तार०’ नव्याने दिसू लागला की ती सेवा आपोआप पुन्हा सुरू व्हावी असा नियम यूडेव्हमध्ये, म्हणजे उपकरणे लागल्या-निघाल्याची दखल घेणाऱ्या घटकात, लिहिला आहे, आणि मिनी पीसीवर ठरावीक वेळाने चालणारा एक छोटा जॉब लावला आहे, जो लॅपटॉपवरच्या पॉडकडून एक साधे पान मागवतो आणि ते आले नाही तर माझ्या फोनवर संदेश धाडतो. नोडची स्थिती तो विचारतच नाही.